थंड विकरांचा कारभार

गरम पाण्याने आंघोळ करून बाहेर यावे आणि अंगभर खाज सुटावी. पुरळ नाही, गांधी नाहीत, साबण बदलूनही फरक नाही. चेहरा लालबुंद, डोके जड, पायांच्या बोटांची आग. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी काहींच्या रक्ततपासणीत तांबड्या पेशींचा आकडा भलताच वर गेलेला सापडतो. रक्त दाट झालेले असते आणि दाट रक्तात गुठळीची धास्ती कायमची. ती मेंदूत अडकली तर पक्षाघात, हृदयात अडकली तर झटका. पॅरिसचे डॉक्टर वाकेझ यांनी १८९२ मध्ये या विकाराचे वर्णन केले. आज त्याला पॉलिसायथेमिया व्हेरा म्हणतात. पहिला उपचार अजूनही रक्तमोक्षणाचाच. एका खेपेला साडेतीनशे-चारशे मिलिलिटर रक्त काढायचे, पुन्हा तपासायचे, पुन्हा काढायचे, आणि रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत ठेवायचा.

तांबड्या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात, पण त्या किती तयार करायच्या याचा हुकूम येतो मूत्रपिंडाकडून. प्राणवायू कमी पडू लागला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडते. ते अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशींपर्यंत पोचले की त्या वाढीला लागतात. प्राणवायू पुरेसा झाला की संप्रेरक ओसरते आणि वाढ मंदावते. पॉलिसायथेमियाच्या रुग्णात हे संप्रेरक वाढलेले नसते, बहुधा कमीच असते. १९७४ मध्ये पर्चल आणि ॲक्सलरॅड यांनी अशा रुग्णांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. एरिथ्रोपोएटिनचा थेंबही घातला नाही, तरी बशीत तांबड्या पेशींच्या वसाहती उगवल्या. बाहेरून हुकूम न येताच पेशी तो आल्यासारख्या वागत होत्या. म्हणजे खोट संप्रेरकात नव्हती. संप्रेरकाचा निरोप पेशीच्या आत पोचवणाऱ्या यंत्रणेत ती कुठेतरी होती. नेमकी कुठे, ते कळायला आणखी ३१ वर्षे गेली.

२००५ मध्ये फ्रान्स, ब्रिटन, स्वित्झर्लंड आणि अमेरिका इथल्या चार गटांनी जवळपास एकाच वेळी तेच उत्तर शोधून काढले. जॅक-२ नावाच्या प्रथिनात ११३२ अमिनो आम्ले असतात. त्यातल्या ६१७व्या जागी व्हॅलिन असायला हवे, तिथे या रुग्णांत फेनिलअलानिन बसलेले होते. डीएनएतले एकच अक्षर बदलले होते. पॉलिसायथेमियाच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत हाच बदल सापडतो. वैद्यकात इतका नेमका निकाल क्वचित हाती लागतो आणि तो लागल्याचा आनंद साहजिकच मोठा होता. तरी एक गोष्ट खटकत होती. ६१७वी जागा जॅक-२च्या काम करणाऱ्या भागात नाही. ती शेजारच्या भागात आहे, आणि तो भाग निकामी म्हणून पाठ्यपुस्तकात नोंदला गेला होता. निकामी भागात एक अक्षर बिघडते आणि त्याने आजार होतो, हे कसे?

या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी निकामी कशाला म्हणत होते, ते पाहू.

जॅक-२ हे कायनेज जातीचे विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. कायनेजाचे काम एका वाक्यात सांगता येते. एटीपी या रेणूकडून एक फॉस्फेट घ्यायचा आणि तो दुसऱ्या एखाद्या प्रथिनावर ठरावीक जागी चिकटवायचा. फॉस्फेट बसला की त्या प्रथिनाचा आकार आणि वागणूक बदलते. फॉस्फटेज नावाची विकरे तो काढून टाकतात आणि प्रथिन पूर्ववत होते. पेशीच्या संदेशवहनाचा फार मोठा भाग फॉस्फेट चढवण्या-उतरवण्यावरच चालतो. एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांनी १९५०च्या दशकात स्नायूंतल्या एका विकराच्या बाबतीत हे प्रथम दाखवले. त्यासाठी त्यांना १९९२ मध्ये नोबेल मिळाले.

१९८८पर्यंत ६५ कायनेजांच्या अमिनो आम्लांचा क्रम माहीत झाला होता. स्टीव्हन हँक्स, ॲन मेरी क्विन आणि टोनी हंटर यांनी ते सगळे एकाखाली एक मांडून पाहिले. साधारण अडीचशे अमिनो आम्लांचा एक पट्टा सगळ्यांत सारखा निघाला आणि त्यातल्या मोजक्या जागा तर जराही ढळलेल्या नव्हत्या. १९९१ मध्ये सॅन डिएगोत सुझन टेलर आणि यानुश सोवाडस्की यांच्या गटांनी पीकेए या कायनेजाची त्रिमिती रचना उलगडली, तेव्हा त्या जागांचा अर्थ लागला. ७२व्या जागेवरचे लायसिन एटीपीला धरून ठेवते. १८४व्या जागेवरचे ॲस्पार्टेट मॅग्नेशियमला पकडते आणि त्याच्यामार्फत फॉस्फेटांना नीट जागी बसवते. १६६व्या जागेवरचे दुसरे ॲस्पार्टेट प्रत्यक्ष फॉस्फेट सरकवण्याच्या क्षणी कामाला येते. यातले एक जरी काढले तरी विकर थंड पडते. त्यावरून एक सोयीचा नियम तयार झाला. नव्या कायनेजाचा क्रम वाचायचा, या तीन खुणा शोधायच्या, एखादी गहाळ असेल तर शेरा मारायचा : निष्क्रिय.

मानवी जीनोम वाचून झाल्यावर २००२ मध्ये जेरार्ड मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या सगळ्या कायनेजांची शिरगणती केली. आकडा आला ५१८. त्यातल्या ५० कायनेजांत तीनपैकी किमान एक खूण नव्हती. म्हणजे दहातले एक छद्मकायनेज. कायनेजाचा चेहरामोहरा सगळा, पण कायनेजाचे काम नाही. विकरांच्या बाकीच्या घराण्यांतही हेच चित्र दिसते. प्रथिने कापणारी विकरे असोत की फॉस्फेट काढणारी, घराण्यात थंड पडलेले सदस्य असतातच. संशोधकांनी बरीच वर्षे त्यांच्याकडे ढुंकून पाहिले नाही, आणि त्याला कारणही होते. विकराचा अभ्यास म्हणजे अभिक्रियेचा वेग मोजणे. जिथे अभिक्रियाच नाही तिथे मोजायचे काय? उपकरणाला जे दिसत नाही ते नाहीच, असे धरून चालण्याची खोड विज्ञानालाही आहे.

आता जॅककडे परत येऊ. मेलबर्नमध्ये अँड्र्यू विल्क्स यांना १९८९च्या सुमारास कायनेजांचे क्रम धुंडाळताना हे घराणे सापडले. नवी कायनेजे रोजच सापडत होती, तेव्हा थट्टेने ‘जस्ट अनदर कायनेज’ म्हणून जॅक. पुढे रोमन दोनतोंड्या देवाच्या, जेनसच्या नावाने त्याला प्रतिष्ठा मिळाली. दोन तोंडे अशासाठी की या प्रथिनात कायनेजासारखे दिसणारे दोन भाग पाठोपाठ असतात. शेपटाकडचा जेएच-१ हा भाग काम करतो. त्याच्या अलीकडचा जेएच-२ हा थंड. जॅक-२च्या जेएच-२मध्ये तिसऱ्या खुणेच्या जागी ॲस्पार्टेटऐवजी ॲस्परजिन आहे. दोघांत फरक इवलासा, पण कायनेजाच्या लेखी तो निर्णायक.

खरे तर उत्तराचा मोठा भाग २०००मध्येच छापून आलेला होता. फिनलंडमध्ये ओली सिल्व्हेनोइनेन यांच्या गटाने जॅक-२मधला जेएच-२ कापून टाकला. तो नुसता शोभेचा असता, तर त्याच्या जाण्याने काही बिघडले नसते. प्रत्यक्षात जेएच-१ मोकाट सुटले आणि कारण नसताना फॉस्फेट चिकटवू लागले. थंड भाग चालू भागाला आवरून धरत होता.

पेशीच्या पटलावर एरिथ्रोपोएटिनचा रिसेप्टर असतो. त्याचे टोक बाहेर, शेपूट आत, आणि शेपटाला एक जॅक-२ कायमचे बिलगलेले. संप्रेरक आले की दोन रिसेप्टर जवळ येतात. त्यांच्याबरोबर दोन जॅक-२ समोरासमोर येतात, त्यांचे जेएच-१ भाग एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि पुढची साखळी सुरू होते. एरवी जेएच-२ हे होऊ देत नाही. हा समोरासमोर येण्याचा प्रकार प्रत्यक्ष दिसला तो २०२२ मध्ये. स्टॅनफर्डमध्ये क्रिस्टोफर गार्सिया यांच्या प्रयोगशाळेने रिसेप्टरच्या आतल्या भागाला जोडलेल्या जॅक-१ची संपूर्ण रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपली. दोन जॅक एकमेकांना भिडले होते ते त्यांच्या थंड भागांनी. भिडण्याच्या नेमक्या पृष्ठभागावर होती ६१७शी जुळणारी जागा. व्हॅलिन लहानसे असते. फेनिलअलानिनला सहा कार्बनांचे चपटे कडे असते आणि दोन्ही बाजूंची अशी कडी एकमेकांना धरून बसतात. मग संप्रेरकाची गरज उरत नाही. बशीतल्या त्या पेशी हुकमावाचून का वाढत होत्या, याचा उलगडा एका कड्याच्या पातळीपर्यंत झाला. वाकेझ यांच्या नोंदीपासून १३० वर्षांनी.

इथे एक बारकावा सांगितलाच पाहिजे. थंड भागाला दोन कामे आहेत. एरवी शेजाऱ्याला आवरणे आणि वेळ येताच जोडीदाराशी हात मिळवणे. दोन्ही कामांत रसायन काही नाही. कोणाला भिडायचे आणि केव्हा सुटायचे, एवढाच मामला आहे. संदेशवहनाची आपली चित्रे बाणांनी भरलेली असतात. अमुक तमुकाला फॉस्फेट देतो, तो पुढच्याला देतो. बाण काढायला सोपे. नुसत्या शेजाराने घडणारी गोष्ट बाणाने दाखवता येत नाही, म्हणून ती चित्रातूनही गळते आणि डोक्यातूनही.

शेजाराचा सगळ्यात गाजलेला दाखला कर्करोगाच्या वॉर्डात सापडतो. माणसाच्या पेशींवर चार भावंडे रिसेप्टर असतात : ईजीएफआर, हर-२, हर-३ आणि हर-४. त्यांची शेपटे कायनेजाची. बाहेरून वाढीचा निरोप आला की दोघे जोडीने येतात आणि शेपटांवर फॉस्फेट चढतात. यात दोघे अधू आहेत. हर-२ला निरोप घेणारा भाग असूनही निरोपाचा रेणू त्याला धरता येत नाही. हर-३ला निरोप नीट मिळतो, पण त्याचे कायनेज थंड आहे. तिसऱ्या खुणेच्या जागी पुन्हा तेच ॲस्परजिन. दोन अधू एकत्र आले की चौघांतली सगळ्यात जोरकस जोडी तयार होते. स्तनाच्या कर्करोगाच्या एका मोठ्या गटात गाठीची वाढ हीच जोडी चालवते.

ती कशी चालते, याचे कोडे २००६ मध्ये बर्कलीत जॉन कुरियन यांच्या गटाने सोडवले. तोवर समज असा की जोडीतली दोन कायनेजे आरशातल्या प्रतिमेसारखी समोरासमोर बसतात आणि एकमेकांवर काम करतात. ईजीएफआरच्या रचनेत दिसले निराळेच. जोडी तिरपी होती. एका कायनेजाचा बुडखा दुसऱ्याच्या माथ्याला टेकतो आणि त्या दाबाने दुसऱ्याचे क्रियास्थळ कामाच्या आकारात येते. दाब देणाऱ्याला स्वतः काम करता येण्याची गरजच नसते. जात्याची खालची तळी फिरत नाही, पण तिच्याशिवाय दाणा भरडला जात नाही. हर-३ ही ती तळी. २००९ मध्ये नताल्या जुरा आणि सहकाऱ्यांनी हर-३च्या कायनेजाची रचना उलगडली. काम करण्याचा पृष्ठभाग मोडलेला होता, दाब देण्याचा मात्र शाबूत राहिला होता. उत्क्रांतीने काय टाकले आणि काय जपले, ते एका रेणूवर इतके स्वच्छ लिहिलेले क्वचितच दिसते.

हर-३ने आणखी एक गोष्ट जपली आहे. त्याच्या शेपटावर सहा जागा अशा आहेत की फॉस्फेट चढताच तिथे पीआय-३ कायनेज येऊन बसते. पेशीला जगवण्या-वाढवण्याचा एक मोठा मार्ग तिथून सुरू होतो. स्वतः फॉस्फेट न देणारे हे विकर फॉस्फेट घेण्यात भावंडांच्या पुढे आहे. कर्करोगाच्या डॉक्टरांना याचा चटका बसला. हर-२चे कायनेज बंद पाडणारी औषधे दिली की सुरुवातीला हर-३वरचे फॉस्फेट उतरतात आणि काही काळाने परत चढतात. पेशी हर-३चा पुरवठा वाढवते आणि उरल्यासुरल्या हर-२च्या जोरावर काम भागवते. कॅलिफोर्नियातल्या एका गटाने २००७ मध्ये हे दाखवले. ट्रास्टुझुमॅब हे हर-२ला चिकटणारे प्रतिपिंड १९९८पासून वापरात होते. २०१२ मध्ये त्याच्या जोडीला पर्टुझुमॅब आले. ते हर-२च्या बाहेरच्या भागावर नेमके जोडी जमण्याच्या ठिकाणी बसते, म्हणजे हर-३ला जवळ येऊ देत नाही. दोघांच्या शेजारावर घाव घालणारे ते औषध आहे.

अशी थंड विकरे जन्माला येतात कुठून? बहुधा जनुकाची नक्कल होते तिथून. एकाच्या दोन प्रती झाल्या की जुने काम एक प्रत सांभाळते. दुसरीवर बंधन उरत नाही, ती बिघडायला मोकळी होते. बहुतेक प्रती बिघडून नाहीशा होतात. एखादीचे क्रियास्थळ गेले तरी दुसऱ्या रेणूंना धरण्याची तिची लकब राहते आणि पेशीला तिचा उपयोग सापडतो. याचे एक जुने उदाहरण आपण रोज पितो. अश्रूंत, लाळेत आणि अंड्याच्या पांढऱ्यात लायसोझाइम असते. जिवाणूंची भिंत फोडणारे हे विकर अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये शोधले. १९६७ मध्ये अमेरिकेत ब्रू, व्हॅनमन आणि हिल यांनी गाईच्या दुधातल्या अल्फा-लॅक्टअल्ब्युमिनचा क्रम वाचला, तर तो लायसोझाइमचा सख्खा नातेवाईक निघाला. भिंत फोडण्यासाठी लागणारी दोन अमिनो आम्ले मात्र त्यात बदललेली होती. हे प्रथिन दुसऱ्याच एका विकराला, गॅलॅक्टोसिलट्रान्सफरेजला, जाऊन बिलगते आणि त्याची आवड बदलते. एरवी ते गॅलॅक्टोज दुसऱ्या रेणूंवर चिकटवत असते, आता ग्लुकोजवर चिकटवू लागते. त्यातून लॅक्टोज तयार होते. दुधाची गोडी अशी एका थंड पडलेल्या जंतुनाशकाच्या शेजारातून आली आहे. हे संदेशवहनाचे उदाहरण नाही हे खरे, पण विकराला विकरानेच वेगळे वळण लावण्याची रीत किती जुनी आहे, हे त्याने कळते.

शेजारी नसला तर काय होते? याचे उत्तर पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात मिळाले. तिथे जुन्या वळणाचे मेनोनाइट लोक राहतात. शेती करतात, मोटारगाड्या टाळतात आणि लग्ने आपापसात करतात. मोजक्या घराण्यांतून वाढलेल्या या समाजात काही मुले एका विचित्र आजाराने जन्मत. गरोदरपणात गर्भजल भलतेच वाढे, बाळाचे डोके मोठे होत जाई आणि तान्हेपणीच आकड्या सुरू होत. त्या कशाने आवरत नसत. मुले चालायला-बोलायला फार मागे पडत, काही लहानपणीच दगावत. या समाजासाठी चालणाऱ्या एका छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आणि संशोधकांनी २००७ मध्ये कारण शोधले. या मुलांत स्ट्रॅड-अल्फा या जनुकाच्या दोन्ही प्रतींतून सुमारे सात हजार अक्षरांचा तुकडाच गायब होता.

स्ट्रॅड-अल्फा हे छद्मकायनेज आहे. ते एटीपीला धरते, पण वापरत नाही. धरल्यामुळे त्याचा आकार घट्ट आणि मिटलेला राहतो. त्या आकारात, एमओ-२५ नावाच्या तिसऱ्या प्रथिनाच्या साथीने, ते एलकेबी-१ या खऱ्या कायनेजाला बिलगून त्याला कामाच्या अवस्थेत खेचते. केंद्रकात पडून राहणाऱ्या एलकेबी-१ला बाहेर पेशीद्रवात आणण्याचे कामही त्याचेच. एलकेबी-१ अंतिमतः एमटॉर या वाढीच्या मार्गावर अंकुश ठेवते. स्ट्रॅड नाही म्हणून एलकेबी-१ लंगडे, एलकेबी-१ लंगडे म्हणून एमटॉर बेफाम, एमटॉर बेफाम म्हणून मेंदूच्या पेशी अवाजवी मोठ्या. साखळी अशी नीट कळली, तेव्हा औषध समोर ठेवलेलेच होते. एमटॉरला रोखणारे सिरोलिमस मूत्रपिंडरोपणाच्या रुग्णांना आधीपासून दिले जात होते. (ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळवणारे सुरेन सेहगल हे आपल्याच उपखंडातले. मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला होता.) २०१३ मध्ये पाच मुलांना सिरोलिमस दिल्याचा अहवाल आला. आकड्या कमी झाल्या आणि मुलांना बोललेले अधिक कळू लागले. आजार गेला नाही. पण जे प्रथिन काहीच करत नाही असे क्रम वाचून वाटले असते, त्याच्या अभावाने काय काय होते, ते या मुलांनी भोगले होते.

फॉस्फेट काढणाऱ्या विकरांतही असे प्रकार आहेत. स्टिक्स हे त्यातले एक. अमेरिकेत जॅक डिक्सन यांच्या प्रयोगशाळेला १९९५ मध्ये ते मिळाले. क्रियास्थळात सिस्टाइनच्या जागी ग्लायसिन होते. त्यांनी ते एक अमिनो आम्ल बदलून सिस्टाइन बसवले आणि विकर जागे झाले. बाकी सगळी यंत्रणा जशीच्या तशी तयार होती. मग ते थंड ठेवण्यात पेशीचा फायदा काय? पुढे दिसले की स्टिक्स केंद्रकात ईआरके या कायनेजाला धरून बसते. तिथे खऱ्या फॉस्फटेजाला जागा मिळत नाही आणि ईआरके केंद्रकाबाहेर निसटतही नाही. जागा अडवणे हीसुद्धा सेवाच.

प्रथिने कापणाऱ्या विकरांत आय-ऱ्हॉम-२ची कथा संधिवाताशी जोडलेली आहे. सांधे सुजवणारा टीएनएफ हा रेणू आधी पांढऱ्या पेशीच्या पटलाला जखडलेला असतो. टेस नावाचे विकर त्याला कापून सुटा करते. २०१२ मध्ये मॅथ्यू फ्रीमन यांच्या गटाने आणि स्वतंत्रपणे दुसऱ्या एका गटाने दाखवले की टेस जिथे तयार होते तिथून पेशीच्या पृष्ठभागाकडे निघायलाच आय-ऱ्हॉम-२ लागते. आय-ऱ्हॉम हे ऱ्हॉम्बॉइड घराण्यातले थंड विकर. त्याची कापण्याची धार गेलेली आहे, पण धारदार विकराला वाट दाखवण्याचे काम त्याच्याकडे आले आहे. ते नसलेल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी टीएनएफ जवळजवळ सोडतच नाहीत.

एवढे सांगितल्यावर सगळ्या थंड विकरांना एका पंगतीत बसवण्याचा मोह होतो, आणि तिथेच सावध राहायला हवे. निष्क्रिय हा शेरा मुळात अक्षरे वाचून मारलेला आहे. २००० मध्ये डलासमध्ये मेलनी कॉब यांच्या गटाला एक कायनेज सापडले. त्यात पहिली खूण, म्हणजे एटीपीला धरणारे लायसिन, नेहमीच्या जागी नव्हते. त्याचे नाव पडले डब्ल्यूएनके, लायसिन नसलेले. पण तपासले तर ते कामसू निघाले. लायसिन जवळच्याच दुसऱ्या जागेवरून हात पुढे करत होते. पुढच्याच वर्षी, याच घराण्यातल्या दोन जनुकांतल्या बिघाडाने रक्तदाब वाढून पोटॅशियमही चढते, हे येल विद्यापीठात रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाने दाखवले. डलासमध्येच २०१८ मध्ये व्हिन्सेंट टॅग्लियाब्राची यांच्या प्रयोगशाळेने त्याहून मजेशीर प्रकार पाहिला. सेलओ हे जिवाणूंपासून माणसापर्यंत टिकून राहिलेले छद्मकायनेज. त्याच्या खाचेत एटीपी बसलेला होता, पण उलटा. फॉस्फेटाचे टोक आत, दुसरे टोक बाहेर. या बसणीतून ते प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवत नाही, एटीपीतला एएमपी हा अख्खा तुकडा चिकटवते. जुनी खूण नसलेल्या विकराने नवा धंदा उघडला होता आणि फॉस्फेटाची चाचणी करणाऱ्यांना तो दिसणे शक्यच नव्हते.

जॅक-२चा जेएच-२सुद्धा पुरता थंड नाही. २०११ मध्ये सिल्व्हेनोइनेन यांच्याच गटाला त्यात क्षीण धुगधुगी सापडली. तो जॅक-२वरच्याच दोन जागांवर फॉस्फेट चढवतो आणि त्याने जॅक-२ आणखी दबून राहते. हर-३लाही ईजीएफआरच्या सुमारे हजारपटीने कमी, पण मोजण्याइतकी क्रिया असल्याचे २०१० मध्ये दिसले. तेवढ्याशा क्रियेला पेशीत काही अर्थ आहे का, यावर वाद आहे. माझा कल नाही म्हणणाऱ्यांकडे आहे, निदान हर-३च्या बाबतीत. दाब देण्याचा पृष्ठभाग बिघडवला की हर-३ निरुपयोगी होते, आणि तो सांभाळला तर ही धुगधुगी असली काय आणि नसली काय, फारसे अडत नाही.

औषधे बनवणाऱ्या कंपन्यांना मात्र या वादाशी कर्तव्य नाही. त्यांना खाच हवी असते, रेणू बसवायला. जॅक घराण्यातल्या चौघांचे जेएच-१ इतके सारखे आहेत की त्यांच्या एटीपीच्या खाचेत बसणारे औषध एकाला रोखताना बाकीच्यांनाही कमीअधिक धक्का देते. २०११ मध्ये मायलोफायब्रोसिस या अस्थिमज्जेच्या आजारासाठी आलेले रुक्सोलिटिनिब असेच आहे. बिघडलेले जॅक-२ आणि धडधाकट जॅक-२ त्याला वेगळे ओळखता येत नाही, त्यामुळे रक्तक्षय हा त्याचा नेहमीचा त्रास. सांधेदुखीवर वापरल्या जाणाऱ्या अशा तीन औषधांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये हृदयविकार, गुठळ्या आणि कर्करोग यांचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

थंड भागाच्या खाचेवर काम करण्याचे बंधन नसते. त्यामुळे ती प्रत्येक भावंडात आपापल्या वाटेने बदललेली आहे. ब्रिस्टल मायर्स स्क्विब कंपनीचे संशोधक टिक-२ या चौथ्या जॅकचा मार्ग अडवणारे रेणू थेट पेशींवर चाचण्या घेऊन शोधत होते. काही रेणूंनी मार्ग अडवला, पण कुठल्याच जेएच-१ला ते शिवत नव्हते. माग काढला तर ते टिक-२च्या जेएच-२मध्ये जाऊन बसत होते आणि त्याची जेएच-१वरची पकड पक्की करत होते. त्यातून ड्युक्राव्हासिटिनिब तयार झाले. त्याच्या एका टोकाला तीन हायड्रोजनांच्या जागी जड हायड्रोजन बसवले आहेत, म्हणजे यकृतात त्या टोकाची मोडतोड होऊन कमी नेमका रेणू तयार होऊ नये. सोरायसिसच्या चट्ट्यांसाठी सहा मिलिग्रॅमची रोज एक गोळी. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि वेष्टनावर तो कडक इशारा छापावा लागला नाही. त्याच खाचेसाठी दुसऱ्या एका छोट्या कंपनीने बनवलेला रेणू विकत घेण्याचा करार जपानच्या ताकेदाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात केला. सुरुवातीची रक्कम ठरली ४ अब्ज डॉलर.